स्टिकर नसलेली डबी

माझ्या डाव्या तर्जनीवर, नखाच्या थोडं खाली, तांदळाच्या दाण्याएवढी एक पांढुरकी खूण आहे. बघणाऱ्याला वाटतं, विळीवर कापलं असेल. बहुतेकांना मी तेच सांगते. खरं सांगायला बसलं तर बरंच मागे जावं लागतं. आज जाते.

मी १९९८ साली डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करून एका सरकारी रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात लागले आणि महिनाभरात मला ‘हिस्टो’ला बसवलं. रक्त-लघवी तपासणारी लॅब सगळ्यांना माहीत असते, आमची नसते. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, पिशवी, आतड्याचा तुकडा, बायोप्सीचा मोहरीएवढा कण, हे सगळं आमच्याकडे फॉर्मॅलिनमध्ये बुडून येतं. डॉक्टर त्याचं ग्रॉसिंग करतात, म्हणजे नीट बघून, मापून, कापून हवे ते भाग निवडतात. मग ते छोट्या जाळीदार कॅसेटमध्ये घालून आम्ही रात्रभर अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेल्या मेणातून फिरवतो. सकाळी मेणाच्या ठोकळ्यात बसलेला तुकडा मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर चढतो आणि त्याचे चार-पाच मायक्रॉनचे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचे, पापुद्रे निघतात. कोमट पाण्यावर तरंगणारी ती रिबन काचेवर उचलायची, रंगवायची आणि डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ठेवायची. पेशंट आम्हाला कधी दिसत नाही. दिसतो तो त्याचा नंबर.

पहिल्या दिवशी फॉर्मॅलिनच्या वाफेनं माझे डोळे इतके चुरचुरले की लॅबमध्ये सफाई करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “होईल सवय, मला पण झाली.” सवय झाली, आणि ती व्हायला नको होती. फॉर्मॅलिनमधल्या याच फॉर्माल्डिहाइडला २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पण तेव्हा आमचा पंखा भिंतीत होता आणि बंद होता.

पहिल्या आठवड्यात मला आणखी एक गोष्ट शिकवली गेली. डब्या दोन प्रकारच्या असतात. एक साधी आणि एक लाल शाईनं खूण केलेली. “हा रेट्रो आहे, जपून,” असं डब्या आणणारे मामा दारातूनच सांगायचे. रेट्रो म्हणजे एचआयव्ही. ती डबी कागदात गुंडाळून, लांब धरून आणायची. तिचं काम दिवसाच्या शेवटी. तिच्यासाठी दोन-दोन हातमोजे, गॉगल, मास्क, एप्रनवर प्लॅस्टिकचा एप्रन. बाकीच्या डब्यांसाठी एक पातळ हातमोजा, आणि घाई असली तर तोही नाही. आम्ही सगळेच असं करत होतो. मीसुद्धा. लाल शाई नाही म्हणजे धोका नाही, हा हिशेब मनात इतका पक्का होता की तो हिशेब आहे हेही कळत नव्हतं.

मुळात फॉर्मॅलिन काय करतं, ते समजून घ्यायला मला तीन-चार वर्षं लागली. फ्रँकफर्टचे एक डॉक्टर, फर्डिनांड ब्लुम, १८९३ मध्ये ते जंतुनाशक म्हणून तपासत होते. काम करताना त्यांच्या बोटांची कातडी कडक झाली. त्यांच्या लक्षात आलं की हे द्रव्य जंतू मारतं, तसंच मांसही ‘पक्कं’ करतं. आज जगभरातल्या हिस्टोच्या लॅब ज्यावर चालतात, ती गोष्ट एका माणसाच्या बोटांच्या टोकांवर सापडली. प्रथिनं एकमेकांना बांधली जातात, पेशी आहे तशी थांबते, आणि तिच्यातले जिवाणू-विषाणूही निष्क्रिय होतात. म्हणून नीट फिक्स झालेला तुकडा तसा सुरक्षित असतो.

सगळी गोम त्या ‘नीट’ शब्दात आहे. फॉर्मॅलिन बाहेरून आत शिरतं, आणि सावकाश. सुरुवातीला तासाला साधारण एक मिलिमीटर, मग जसं खोल जाईल तसं हळू. दुप्पट खोल जायला चौपट वेळ. त्यासाठी तुकड्याच्या किमान दहापट फॉर्मॅलिन हवं, तुकडा मोठा असेल तर तो मध्ये कापून उघडायला हवा आणि एक-दोन दिवस थांबायला हवं. मोठा बटाटा घाईत उकडला की बाहेरून मऊ आणि मध्ये कच्चा राहतो, तसंच.

हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. पोस्टमॉर्टेमचं एक फुप्फुस आदल्या संध्याकाळी बादलीत फॉर्मॅलिनमध्ये टाकलेलं. फॉर्मवर ‘न्यूमोनिया?’ इतकंच. सकाळी डॉक्टरांनी लांब सुरी घालून ते उभं कापलं. बाहेरचा बोटभर भाग करडा, घट्ट, रबरासारखा. आत मात्र एकदम गुलाबी, ओलं, आणि मधोमध एका पोकळीतून चक्क्यासारखा पांढरा गर सुरीबरोबर बाहेर आला. सरांचा हात तिथेच थांबला. क्षयरोगात हा असा गर होतो, हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण आमच्या नाकातोंडापासून हातभर अंतरावर तो कच्चा, जिवंत होता. सर शांतपणे म्हणाले, “खिडक्या उघडा, सगळे बाहेर जा, आणि हे असंच चिरा पाडून पुन्हा फॉर्मॅलिनमध्ये घाला. दोन दिवस कुणी हात लावायचा नाही.” एन-९५ हा शब्दही तोवर आमच्या लॅबमध्ये पोचला नव्हता. त्या बादलीवर लाल शाई नव्हती.

फॉर्मॅलिनशिवाय येणाऱ्या डब्यांचा तर वेगळाच त्रास. सलाइनमध्ये टाकून पाठवलेली लसिका ग्रंथी. इंजेक्शनच्या अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली गाठ, जी फिक्स झाल्यावर कडक होते आणि बाहेरच येत नाही, मग बाटली फोडायची, म्हणजे काच, मांस आणि बोटं एकाच जागी. वाटेत सांडलेल्या फॉर्मॅलिननं भिजलेला फॉर्म, ज्यावरचं नाव वाचताही येत नाही. ऑपरेशन थिएटरमधल्या घाईची मला कल्पना आहे, पण रुंद तोंडाची डबी आणि घट्ट झाकण ही काही फार मोठी मागणी नाही.

आता माझ्या बोटाकडे येते. साल २००६. दुपारी ऑपरेशन थिएटरमधून फोन आला, “फ्रोझन पाठवतोय, लवकर सांगा.” फ्रोझन सेक्शन म्हणजे पेशंट टेबलावर भूल दिलेल्या अवस्थेत, आणि आम्ही वीसेक मिनिटांत सांगायचं की गाठ कॅन्सरची आहे की नाही. इथे फॉर्मॅलिन नाही, मेण नाही. ताजा तुकडा उणे वीस अंशांच्या क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे चाक फिरवून काप काढायचं यंत्र आत बसवलेल्या फ्रीजरमध्ये, गोठवायचा आणि थेट कापायचा. गोठल्यानं जंतू मरत नाहीत, उलट चांगले टिकतात. कापताना उडणारा बारीक भुगा म्हणजे पेशंटचं कच्चं मांस. म्हणून क्षयाचा संशय असेल तर फ्रोझन शक्यतो करायचं नाही, असा नियम आहे. पण इथे क्षयाचा संशय कुणी लिहिलेला नव्हता. बेचाळीस वर्षांच्या बाईंच्या स्तनातली गाठ होती. फॉर्मवर लिहिलं होतं, ‘कॅन्सर?’

सेक्शन छान निघाले. रंगवून स्लाइड सरांकडे दिली. पाठोपाठ दुसरं फ्रोझन येणार होतं, म्हणून मी क्रायोस्टॅट आवरायला घेतला. ब्लेडच्या कडेला गोठलेला एक तुकडा चिकटला होता. नियम असा की आधी चाक लॉक करायचं, ब्लेडवर गार्ड ओढायचं, ब्लेड चिमट्यानं काढून टाकायचं, आणि मगच सफाई. तीही कोरड्या ब्रशनं नाही, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या गॉजनं, म्हणजे भुगा उडत नाही. आमच्या चाकाचा खटका अडकायचा. रजिस्टरमध्ये तीनदा तक्रार लिहिली होती, कुणी आलं नव्हतं. मी उजव्या हातात ब्रश घेतला आणि डाव्या बोटानं तो तुकडा ढकलला. चाक किंचित फिरलं.

दुखलं नाही. थंडीनं बोट बधिर होतं. हातमोज्याच्या आत लाल दिसायला लागलं तेव्हा कळलं. मामा म्हणाले, “पिळा, पिळून रक्त काढा.” सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी मामांना थांबवलं. पिळायचं नाही, ब्लीच-डेटॉल ओतायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, बस. मी नळाखाली बोट धरून उभी होते आणि मागून सरांचा आवाज आला. ते फोनवर सर्जनशी बोलत होते, “कॅन्सर नाही. ग्रॅन्युलोमा आहेत, मध्ये नेक्रोसिस आहे. टीबी असणार. ब्रेस्ट काढू नका.”

ते वाक्य मला अजून तसंच ऐकू येतं. एका बाईचा स्तन वाचला होता. मी मनापासून खूश झाले आणि त्याच क्षणी पोटात गोळा आला.

कॅज्युअल्टीत मला एचआयव्हीच्या औषधाचा पहिला डोस दिला गेला. तो शक्यतो दोन तासांत घ्यायचा असतो, बहात्तर तासांनंतर उपयोग नसतो, आणि कोर्स २८ दिवसांचा. त्या बाईंची एचआयव्ही तपासणी करायला त्यांची परवानगी लागते, आणि त्या भुलीखाली होत्या. त्या शुद्धीवर येईपर्यंत थांबणं भाग होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी परवानगी दिली, तपासणी निगेटिव्ह आली, माझ्या गोळ्या थांबल्या. हिपॅटायटिस बी ची लस मी घेतलेली होती. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. टीबीबद्दल कुणी फारसं बोललं नाही, कारण टीबी म्हणजे छाती, खोकला. बोटाला टीबी?

होतो. दीड महिन्यानं त्या जखमेवर एक गाठ आली. आधी चामखिळीसारखी, मग खरखरीत, कडेनं जांभळट. शवविच्छेदन करणाऱ्यांच्या हातावर येणारी ही गाठ वैद्यकाला जुन्या काळापासून माहीत आहे. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेकना ती झाली होती. क्षयानं पोखरलेले मणके करवतीनं कापताना त्यांच्याही डाव्या तर्जनीला करवत लागली होती. पुढे १८२६ मध्ये ते क्षयानंच गेले. १८४७ मध्ये व्हिएन्नात प्राध्यापक कोलेच्का यांच्या बोटाला शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी लागली आणि ते सेप्सिसनं, म्हणजे अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गानं गेले. त्यांचा तो मृत्यू बघूनच सेमेलवाइस यांना बाळंतिणींच्या तापाचं कारण उमगलं आणि त्यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले. हे सगळं मी गाठ आल्यानंतर वाचलं. रात्री, दिव्याखाली, बोटाकडे बघत.

त्वचेच्या डॉक्टरांनी बायोप्सी घेतली. तो तुकडा साहजिकच आमच्याच लॅबमध्ये आला. मी त्या दिवशी रजा घ्यायला हवी होती, पण घेतली नाही. खिडकीशी बसले होते. मामांनी डबी आणली. कागदात गुंडाळलेली, लांब धरलेली. माझ्याबरोबर आठ वर्षं एका डब्यातून जेवणारा सहकारी नमुना नोंदवायला बसला होता. त्यानं फॉर्म वाचला, नाव वाचलं, आणि सवयीनं लाल पेन उचललं. मग त्याची नजर माझ्याकडे गेली. पेन तसंच हवेत राहिलं.

मी म्हटलं, “लिही ना. नियम आहे.”

त्यानं लिहिलं, ‘टीबी’. त्या दोन लाल अक्षरांकडे बघताना मला जे वाटलं, ते आठ वर्षांत शेकडो डब्यांवर लिहिताना एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. डबीला अंगठा आणि एका बोटानंच धरलं जात होतं, आणि डबीत मी होते.

चार दिवसांनी सरांनी मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. टीबीचे जंतू लाल दाखवणाऱ्या झील-नील्सन पद्धतीनं रंगवलेली स्लाइड, शंभरची ऑइल लेन्स. खूप शोधल्यावर निळ्या पार्श्वभूमीवर दोन लालभडक काड्या सापडल्या होत्या. दोनच. मी सहा महिने गोळ्या घेतल्या. रिफॅम्पिसिननं लघवी केशरी व्हायची, घरी मुलगी घाबरली तेव्हा तिला समजावलं. गाठ गेली, खूण राहिली.

त्यानंतर मी लाल शाईबद्दल विचार करायला लागले, आणि अजून करते आहे. आपली भीती जिथे जाते, तिथे धोका असेलच असं नाही. संसर्ग असलेल्या पेशंटची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात साधारण ३. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात ३० पर्यंत जाते, आणि हा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर तग धरतो. पण त्याच्यासाठी कुणी डबी लांब धरत नव्हतं. कुष्ठरोगाच्या त्वचेचा तुकडा आला की मामा हात लावायला तयार नसत, जेव्हा की तो जंतू आजवर कुणाला प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही, इतका तो नाजूक. मुंबईत पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी कॅन्सरबरोबर कुष्ठरोगाच्या नमुन्यांवरही मोठं काम केलं. पण समाजाची भीती लॅबच्या दारात चप्पल काढून येत नाही, ती तशीच आत येते.

आता एचआयव्हीबाबत कायदाही आहे. २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. पेशंटची माहिती गुप्त ठेवायची, आणि कर्मचाऱ्यांना सुरक्षित कामाची जागा, साधनं, प्रशिक्षण आणि वेळेवर औषध द्यायचं, या दोन्ही गोष्टी त्यात शेजारी-शेजारी आहेत. मला हे फार योग्य वाटतं. पेशंटची अब्रू आणि माझं बोट यांत भांडण नाही. दोघांनाही एकच गोष्ट वाचवते: प्रत्येक डबी संसर्गाची आहे असं धरून काम करणं.

तरीही काही वेळा सांगावंच लागतं, आणि आधी सांगावं लागतं. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या दुर्मीळ, जीवघेण्या आजाराचा संशय असलेला मेंदूचा तुकडा असेल तर फॉर्मॅलिनचा उपयोग नाही. तो आजार घडवणारं बिघडलेलं प्रथिन, प्रिऑन, त्यात मरत नाही, तसंच टिकून राहतं. तो तुकडा तासभर तीव्र फॉर्मिक ॲसिडमध्ये ठेवावा लागतो, आणि मगच पुढची प्रक्रिया. असे नमुने बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूविकारांच्या संस्थेसारख्या मोजक्या ठिकाणी हाताळले जातात. रेबीजच्या संशयाचा मेंदू असेल तर आधी लस घेतलेल्यांनीच हात लावायचा. फ्रोझनच्या फॉर्मवर ‘टीबीचा संशय’ एवढे दोन शब्द असते, तर माझं बोट वेगळं असतं. तेव्हा माझं म्हणणं असं, की फॉर्मवर आजाराचा संशय स्वच्छ लिहा, डॉक्टर ते वाचतील. डबीवर मात्र माणसाबद्दल लिहू नका. तुकड्याचं काय करायचं ते लिहा.

आणि मामा-मावशी. लॅबमधला सगळ्यात शेवटचा हात त्यांचा. वापरलेलं मायक्रोटोमचं ब्लेड चुकून पिवळ्या पिशवीत गेलं की ते त्यांच्या मांडीला लागतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे धारदार वस्तू पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात जायला हव्यात, मांसाचे तुकडे पिवळ्या पिशवीत. त्याच नियमांत असंही आहे की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. कंत्राटावर आलेल्या मुलाला कुणी विचारतं का, की शून्य, एक आणि सहा महिन्यांचे तिन्ही डोस झालेत का? मी विचारते. बहुतेक वेळा उत्तर येतं, “कसली लस?” याचा मला राग येतो आणि तो जात नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीचे नमुने आले तेव्हा मात्र वेगळंच झालं. वरच्या जबड्याची हाडं, दातांसकट, सायनसमधला काळा पडलेला मऊ भाग, कधी डोळा. हाड मऊ करायला ॲसिडमध्ये दिवस जातात, आणि तिकडे पेशंटला अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध सुरू करायचं की नाही हा प्रश्न, म्हणून मऊ भाग आधी वेगळा काढून आम्ही तो पुढे सरकवायचो. प्रत्येक फॉर्मवर ‘पोस्ट-कोविड’. म्हणजे प्रत्येक डबी लाल. त्या तीन महिन्यांत लॅबमध्ये कुणी उघड्या हातानं काही उचललं नाही, कुणी टेबलावर डबा उघडून जेवलं नाही, ब्लेड जागच्या जागी गेली. ती बुरशी माणसापासून माणसाला लागत नाही, आणि कोविडचा विषाणू फॉर्मॅलिनमध्ये टिकत नाही, हे मी सगळ्यांना सांगत होते, पण मनात म्हणत होते, राहू दे ही भीती, निदान हात तरी झाकलेले आहेत. वर्षभरात फॉर्मवरचे ते शब्द गेले. हातमोजेही कमी झाले.

मागच्या महिन्यात एक नवी मुलगी आली आहे. बीड जिल्ह्यातली, हुशार, हात स्थिर. परवा मी तिला क्रायोस्टॅटवर बसवलं. थायरॉइडचा तुकडा होता. सेक्शन निघाले, तिनं स्लाइड दिली, आणि ब्लेडला चिकटलेल्या तुकड्याकडे बोट नेता नेता थांबून मला विचारलं, “मॅडम, हा पेशंट पॉझिटिव्ह आहे का?”

मी विचारलं, “चाक लॉक केलंस?”

तिनं खटका दाबला. आता नवं मशीन आहे, खटका अडकत नाही. टक् असा आवाज आला. तिनं गार्ड ओढलं आणि चिमटा हातात घेतला.